दिवसा पाळी, रात्री वरात

‘अलबेला’ (१९५१) हा चित्रपट आपण पाहिला असेल, तर चिक चॉकलेट यांना आपण नकळत पाहिलेले आहे. गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेव्हियर वाझ हे त्यांचे मूळ नाव. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ते जॅझ वाजवीत आणि चित्रपटसंगीतात सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम करीत. त्या काळच्या अनेक गोमंतकीय वादकांचा प्रपंच असाच दुहेरी कमाईवर चाले : दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल. दारूबंदीने हॉटेलांतील काम रोडावले, तेव्हा स्टुडिओनेच त्यांना तारले. चिक १९६७ साली, अवघ्या ५१ व्या वर्षी गेले.

चाकणच्या रस्त्यावर जॅझ ऐकू येत नाही. पण लगीनसराईत आळंदी, मोशी, भोसरीच्या मंगल कार्यालयांबाहेर ट्रंपेट आणि सॅक्सोफोन तेच असतात. वरातीच्या सुपारीवर वर्षभर घर चालणे कठीण. म्हणून आपल्या घरातील वादक दिवसा प्रेस शॉपमध्ये पाळी करून संध्याकाळी बँडचा गणवेश चढवीत असेल, तर त्याच्या कानांचा विचार घरच्यांनीच करावयास हवा.

तज्ज्ञांच्या मते ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. ट्रंपेटच्या पुढ्यात किंवा ध्वनिक्षेपकाच्या भिंतीशेजारी उभ्या असलेल्या वादकाची ही १५ मिनिटे वरात कोपऱ्यावर वळण्यापूर्वीच संपतात. शिवाय पाळी बदलली म्हणून कान हिशेब नव्याने मांडीत नाही. प्रेसचा खडखडाट आणि बँडचा गजर एकाच खात्यावर जमा होतात, आणि आतल्या कानातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कारखान्यातील गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे. नुकसानभरपाई मागता येते. बँडच्या सुपारीला असे कवच नाही. दोष यंत्राचा की वाजंत्रीचा, या वादात मात्र घरच्यांचे काहीच हित नाही.

लक्षणे घरातच दिसतात. रात्री कानात शिट्टी वाजत राहते, दूरदर्शन संचाचा आवाज वाढत जातो, मुलीचे बारीक आवाजातील बोलणे निसटते. उंच स्वर आधी जातात. वादकाला हे कळूनही तो बोलत नाही, कारण सुपारी हातची जाण्याचे भय असते. हे भय खोटे नाही, म्हणून त्याला रागावू नये.

कारखान्यात मिळणारे फोमचे बोळे तो वरातीत घालीत नाही, याचेही कारण रास्त आहे : त्यांनी उंच स्वर अधिक दबतात आणि आपलाच सूर नीट कळत नाही. वादकांसाठी वेगळे बोळे मिळतात. ते सर्व स्वर जवळपास सारखे उतरवितात. तोवर ध्वनिक्षेपकापासून चार पावले दूर उभे राहणे आणि दोन गाण्यांमध्ये बाजूला होणे, एवढे तर बँडच्या मालकाशी बोलून ठरविता येते. राज्य विमा लागू असेल, तर चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालयात चौकशी करावी. श्रवणचाचणी हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी. आणि त्याआधी किमान १४ तास पाळीही नको, वरातही नको.