आडवाटेने महाडला : दुचाकी प्रवासाचे नियोजन

महाडला जाण्याचे बेत आपल्या माजी विद्यार्थ्यांत नेहमीच रंगतात. बहुतेक बेत एकाच साच्याचे असतात : रात्री जेवून निघायचे, महामार्गाने पहाटे पोहोचायचे, अभिवादन करून लगेच परतायचे. घरी आईवडिलांचा डोळा लागत नाही तो या रात्रीच्या धावपळीमुळे. तीन दिवस काढता आले, तर पुण्याहून महाडला दिवसाउजेडी आणि आडरस्त्याने जाता येते. हा प्रवास अधिक सुरक्षित आहे आणि वाटेत पाहण्यासारखेही पुष्कळ आहे.

आपल्या समाजासाठी प्रवास ही केवळ हौस कधीच नव्हती. १९०१ साली बालवयातील भीमराव थोरले बंधू व भाच्यांसह वडिलांकडे कोरेगावला निघाले, तेव्हा मसूर स्थानकावर त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. मूळ कारण एवढेच, की येत असल्याचे पत्र वडिलांच्या शिपायाने त्यांना दिलेच नव्हते. म्हणून नियोजनाचे पहिले काम नकाशाचे नव्हे, निरोपाचे. कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने, कोठे मुक्काम, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. घाटात फोनला संपर्क मिळेलच असे नाही. तेव्हा कोणत्या गावातून फोन करणार, हेही त्यात नोंदवावे.

दिवस निवडायचे तर २४ ते २६ डिसेंबर निवडावेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वाटेच्या आरंभी आणि शेवटी एकाच तारखेच्या दोन स्मृती आहेत. हवा कोरडी, थंड असते. मार्चमध्ये ऊन कडक आणि महाडला राहायला जागा मिळणे कठीण; पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात. डिसेंबरातही कोकणाकडे पर्यटकांची रीघ असते, म्हणून मुक्काम आधीच ठरवावा.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर देहूरोड, मग जुन्या मुंबई महामार्गाने कामशेत. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे फोनवरचा नकाशा प्रत्येक वेळी ध्यानात घेईलच असे नाही. कामशेतहून पवनेकडे वळल्यावर बेडसे लागते. कार्ले आणि भाजे प्रसिद्ध आहेत, पण मला बेडसे अधिक आवडते, कारण तेथे गर्दी नाही. चैत्यगृह पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट दर्शनी स्तंभांवर येते; त्यांच्या माथ्यावरील प्राणी व स्वार तेव्हाच नीट दिसतात. शेजारच्या विहाराचे छत चैत्यासारखे गजपृष्ठाकार आहे, जे अन्यत्र क्वचितच आढळते. येथे दीड तास राखून ठेवावा. पायऱ्या पुष्कळ आहेत.

पुढे पवनानगर, तिकोना पेठ, जवण, कोळवण आणि पौड असा अरुंद रस्ता आहे. डोंगर, धरणाचे पाणी, भातखाचरे. वळणापलीकडे गुरे असतातच. पौडला टाकी भरावी आणि पाणी घ्यावे, कारण मुळशी आणि ताम्हिणीच्या पट्ट्यात पंपाच्या भरवशावर राहू नये. घाट उतरताना इंजिन बंद करू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. ताम्हिणीनंतर निजामपूर, माणगाव आणि महामार्गाने महाड. (कोल्हापूर जिल्ह्यातील, १९२०च्या परिषदेचे माणगाव ते वेगळे.) हा सारा पल्ला सुमारे दोनशे किलोमीटरांचा. आडरस्त्यावर सरासरी तासाला तीस किलोमीटर धरावेत, चाळीस नव्हे. अंतराऐवजी तासांचा हिशेब केला की सूर्यास्तापूर्वी पोहोचता येते.

महाडच्या अलीकडे गांधारपाले येथे सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. चवदार तळ्यावर घाईने फोटो काढून निघू नये. मार्च १९२७च्या परिषदेच्या वेळी प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हे तळ्याकाठी बसून एकदा आठवावे. दुसऱ्या दिवशी म्हाप्रळमार्गे मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, पाहून महाडलाच परतावे. तिसऱ्या दिवशी बिरवाडी, वरंधा घाट, भोर. वरंधा खुला आहे ना, हे आदल्या रात्री महाडमध्ये विचारून घ्यावे. बंद असेल तर ताम्हिणीनेच मागे यावे.

गाडीविषयी थोडक्यात : निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक, टायर, साखळी आणि क्लचची तार तपासून घ्यावी, आदल्या दिवशी नव्हे. नवे सुटे भाग थोडे चालवून पाहावे लागतात. परवाना, विमा, पीयूसी सोबत असावेत. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवे. सामान जड असेल तर ते खाली, दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. एका गटात चारांहून अधिक गाड्या नकोत, आणि सर्वांत कमी सवय असलेल्याला पुढून दुसरा ठेवावा. शेवटी ठेवला तर तो गाठण्यासाठी वेग वाढवतो, आणि त्याच नादात अपघात होऊ शकतो.