वीज गेल्यावर घर किती साथ देईल?

जून २०२१च्या अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली. लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. आठवडाभरात प्रांतातली ६१९ माणसं उष्म्याने दगावली आणि त्यांतल्या ९८ टक्के लोकांवर हा घाला घराच्या चार भिंतींतच पडला. बहुतेक जण वयस्कर होते. दिवसा तापलेली घरं रात्रीही निवत नव्हती. पुढे २०२४मध्ये प्रांताने बांधकामाचे नियम बदलले. नव्या घरातली निदान एक खोली अशी हवी, की तिचं तापमान २६ अंशांच्या वर जाणार नाही.

घराच्या ऊर्जा-नियमांचा विषय निघाला की आपल्याला विजेचं बिल आठवतं. बिल कमी होतंच, पण त्याच नियमांमुळे आपत्तीत जीवही वाचू शकतात. संकटात सर्वांत आधी जाते ती वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. पंखा, एसी बंद पडल्यावर सारी भिस्त उरते ती भिंत, छप्पर आणि खिडकीवर.

या तिन्हींसाठी भारतात २०१८ पासून ‘इको-निवास संहिता’ आहे. तिच्या गणितात महत्त्वाची असते ती यू-व्हॅल्यू. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत शिरते, ते हा आकडा सांगतो. मोठ्या गृहप्रकल्पांत हल्ली सर्रास ओतल्या जाणाऱ्या १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीसाठी तो साडेतीनच्या आसपास असतो. २० सेंटिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या (हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंतीसाठी साधारण ०.८. आता ढोबळ हिशेब करा. भिंत १० चौरस मीटर, बाहेर ४० अंश, आत ३०. काँक्रीटमधून सुमारे ३५० वॅट उष्णता आत येते, ब्लॉकमधून ८०. वीज असेल तर हा फरक एसीच्या बिलात दिसतो. नसेल तर तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना सोसावा लागतो.

छपराची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको, असं संहिता सांगते. उघड्या स्लॅबची त्याच्या दुपटीहून अधिक असते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना याचा चटका दर उन्हाळ्यात बसतो. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक हा त्यावरचा परिचित उपाय.

खिडकीचा नियम तर मुद्दाम लक्षात ठेवावा असा. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्या, झरोके आणि बाल्कनीची दारं मिळून उघडी होणारी जागा घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश हवी. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन सरकत्या काचांची खिडकी कितीही मोठी दिसली, तरी तिची निम्मीच जागा वाऱ्याला मिळते.

पण फक्त गारव्याचा विचारही पुरेसा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने हे दाखवून दिलं. जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीचं जड माळवद यांमुळे मराठवाड्यातली घरं उन्हाळ्यात थंड राहत. त्या रात्री तीच घरं कोसळली आणि हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपात इमारतीवर येणारं बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. एएसी ब्लॉक विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा आणि उष्णता अडवणाराही. अर्थात, सांगाडा भूकंपरोधक असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून ऊर्जेचे आणि सुरक्षिततेचे नियम एकाच टेबलावर बसून ठरायला हवेत.

२०२२च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतीही या नियमांच्या कक्षेत आणल्या, मात्र भर मोठ्या इमारतींवरच आहे. छोटी घरं आणि वाड्या-वस्त्या अजून बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी राज्याने आणि महापालिकांनी सोपे, सक्तीचे नियम करायला हवेत. तोवर घर घेताना सॅम्पल फ्लॅटमधल्या फरशीआधी तीन गोष्टी विचारा : भिंत कशाची आहे, स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे का आणि खिडकी नेमकी किती उघडते? याची उत्तरं लेखी घ्या. बांधून झालेली भिंत बदलणं जवळपास अशक्य असतं, पण नकाशावर ती बदलता येते.