आखडलेला खांदा : ओढावा की सरकवावा?

कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगोलीकडे एखाद्या बाईचा हात वेणी घालायलाही वर जाईनासा होतो. मग घरात सल्ला मिळतो, "जोरात ओढून घे, मोकळा होईल." विद्यार्थी मित्रांनो, हे बरोबर आहे का? तरफ शिकलेल्या तुम्हांला याचे उत्तर शोधता येईल.

खांदा हा उखळीचा सांधा. पण ही उखळ बशीसारखी उथळ असते. बशीतले मोसंबे कडेकडे नुसते घरंगळू दिले तर ते बाहेर पडेल. घरंगळताना ते उलट दिशेने सरकतही राहिले, तरच बशीत टिकेल. हात उचलताना दंडाच्या हाडाचा गोळा असाच वर घरंगळतो आणि त्याच वेळी खाली सरकतो. सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आखडली की हे सरकणे अडते. अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांनी 1934 साली या विकाराला ‘गोठलेला खांदा’ हे नाव दिले. मधुमेही व्यक्तींत तो अधिक आढळतो.

आता गणित करू. सांध्यापासून 60 सेंमी अंतरावर, तळहाताशी, 5 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर 3 सेंमी अंतरावरच्या आखडलेल्या पिशवीवर त्याच्या 20 पट, म्हणजे 100 किलोग्रॅम वजनाइतका ताण येऊ शकतो! म्हणूनच जाणकार भौतिकोपचारज्ञ आपला हात सांध्याजवळ ठेवून गोळा हलकेच सरकवतो.

त्याच्या तीन पद्धती प्रसिद्ध आहेत. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड लहान लयबद्ध झोके देत. वेदना जास्त असेल तर हलके, ताठरपणा जास्त असेल तर खोल. नॉर्वेचे काल्टेनबॉर्न गोळा सरकवून तसाच धरून ठेवत. न्यूझीलंडचे मलिगन यांच्या पद्धतीत उपचारक गोळा सरकवून धरतो आणि रुग्ण स्वतः हात हलवतो. मात्र दुखता कामा नये.

यांत श्रेष्ठ कोणती? नेदरलँड्समध्ये 2006 साली 100 रुग्णांवर हलक्या व खोल झोक्यांची तुलना झाली. दोन्ही गट सुधारले. खोल झोक्यांचा गट थोडाच पुढे राहिला. 2007 सालचा अमेरिकेतील प्रयोग अधिक मनोरंजक आहे. हात बाहेर वळवताना गोळा पुढे सरकतो, म्हणून तो पुढे सरकवावा, असे नियम सांगत होता. प्रत्यक्षात गोळा पुढे सरकवलेल्या रुग्णांचा हात सरासरी 3 अंश अधिक वळला, तर मागे सरकवलेल्यांचा 31 अंश! रुग्ण जेमतेम 20 होते, हे खरे. पण आखडलेली पिशवी बशी-मोसंब्याचा सुटसुटीत नियम पाळतेच असे नाही, एवढे यातून दिसले.

2014 सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार पहिल्या काही आठवड्यांत हस्तोपचार व व्यायामापेक्षा सांध्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन अधिक गुण देते. तेव्हा निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्यावे. खांदेदुखीबरोबर छातीत दडपण येत असेल, तर क्षणभरही थांबू नये.

आणि घरात कोणी हात ओढायला निघालेच, तर त्यांना वरचे गणित करून दाखवा!