यवतमाळच्या ढालीवर काय शोभेल?

नेदरलँड्समध्ये नगरपालिकांना ढालीच्या आकाराचं स्वतःचं मानचिन्ह असतं. ॲमस्टरडॅमच्या लाल ढालीवर काळा उभा पट्टा आणि त्यात तीन पांढऱ्या फुल्या. डेन बॉश शहराच्या नावातल्या 'बॉश'चा अर्थ वन, म्हणून ढालीवर झाड! १८१४ मध्ये स्थापन झालेल्या उमराव परिषदेकडे चिन्हं नोंदवताना ज्या गावांनी रंग कळवले नाहीत, त्यांना सरसकट निळा-सोनेरी मिळाला.

अशा ढालींचा जुना नियम सोपा आहे: गडद रंगावर पांढरं किंवा सोनेरी चित्र, म्हणजे लांबूनही ओळखू येतं.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या मुद्रेत समई आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यासाठी मी सुचवेन हिरव्या ढालीवर फुटलेलं कापसाचं बोंड, वर टिपेश्वर अभयारण्याचा सोनेरी वाघ आणि खाली वर्धा-पैनगंगेच्या दोन पांढऱ्या लाटा.

तुमच्या गावाच्या ढालीवर काय असावं? नक्की सांगा.