कांचनजुंगा : तारखेचा उलटा हिशेब

देवनारच्या खाडीकाठी मे महिना तापला की लोक पावसाची वाट पाहतात. कांचनजुंगेवर (८,५८६ मीटर) जाणाऱ्याला मात्र तोच मान्सून येण्याआधी परतायचे असते. म्हणून त्याचे नियोजन शिखरदिनापासून मागे मोजत येते.

शिखरावरचे हिवाळी झंझावात मे महिन्यात उत्तरेला सरकतात. पाठोपाठ बंगालच्या उपसागरावरून मान्सून बर्फवृष्टी घेऊन येतो. मधले मोजके शांत दिवस हाच मुहूर्त. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी माथ्यावर पोचले, ते याच काळात. विरळ हवेची सवय व्हायला महिनाभर तरी लागतो; म्हणजे एप्रिलच्या आरंभीच पायथ्याची वाट धरायला हवी. तीही नेपाळमधून, यालुंग हिमनदीच्या बाजूने. सिक्कीममधून चढाईला २००१ पासून बंदी आहे. तिथे हे शिखर दैवत आहे. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड दिल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट खाली थांबले. मला ते थांबणे चढाईइतकेच मोठे वाटते.

खरा कस लागतो प्राणवायूच्या हिशेबात. चार लिटरच्या, ३०० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,२०० लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटर धरले तर तो दहा तास पुरतो. चढताना रेंगाळलेला प्रत्येक तास उतरणीच्या वाट्यातून वजा होतो. २०१९ च्या त्याच मे महिन्यात पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक चौथ्या कॅम्पच्या वर दगावले. माघारीची वेळ म्हणूनच खाली, डोके ताळ्यावर असताना ठरवून ठेवतात.