पिशवी काढली म्हणजे कॅन्सर टळला का?

"पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांशी आरोग्यावर बोलायला बसलो की हे वाक्य हमखास कानावर येते. २०१९ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

या आकड्यामागे कोयत्याचे अर्थकारण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. पाळीच्या त्रासाने एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. कारखान्याच्या तळावर कोपीत राहायचे, ना न्हाणीघर, ना संडास, ना पुरेसे पाणी. मग अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे ठरलेलेच. हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. पण त्याला कॅन्सरची भीती जोडली की बाई ऑपरेशनला तयार होते, आणि ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेते. म्हणून हा आजार नेमका काय आहे हे कार्यकर्त्यांना माहीत असलेच पाहिजे.

शरीरातल्या पेशी गरजेपुरत्या वाढतात आणि जुन्या झाल्या की मरतात. हे नियंत्रण सुटून पेशी बेसुमार वाढू लागल्या आणि शेजारच्या भागात घुसू लागल्या की त्याला कॅन्सर म्हणतात. ज्याची भीती घातली जाते तो बहुतेकदा गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. त्याचे कारण विज्ञानाला पक्के माहीत आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे निव्वळ अज्ञान आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि पेशींत हळूहळू बदल घडवतो. त्या बदलांपासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो.

कॅन्सर रोखायला आपल्याला एवढी वर्षे मिळतात, हे नीट लक्षात घ्या. या काळात बाईला काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तपासणी त्रास नसतानाच करायची असते. सगळ्यात साधी तपासणी म्हणजे गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर पाहणे. बदललेला भाग पांढरा दिसतो. तिशीनंतरच्या महिलांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. पांढरा भाग दिसला म्हणजे कॅन्सरच झाला असे नाही. तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तेवढाच कापून काढता येतो. पिशवी जागेवर राहते.

पिशवी तोंडासकट काढली तर या कॅन्सरचा धोका जवळपास जातो, हे खरे. पण काही मिनिटांच्या तपासणीने जो आजार रोखता येतो त्यासाठी निरोगी अवयव काढणे हा उपचार नव्हे. सोबत अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी बंद झाल्याचे सगळे परिणाम सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. दुसरा धोका फारसा बोलला जात नाही. आत खरोखर कॅन्सर असेल आणि तपासणी न करता साधे पिशवीचे ऑपरेशन उरकले, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. कॅन्सरसाठी करायचे ऑपरेशन वेगळे आणि मोठे असते. त्यात आजूबाजूच्या ऊती आणि गाठीही काढतात. तेही सुरुवातीच्या टप्प्यातच. आजार पुढे गेलेला असेल तर मुख्य उपचार रेडिएशनचा: आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत दर आठवड्याला केमो आणि शेवटी आतून दिले जाणारे रेडिएशन. हे सगळे आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे लागते. पट्टा पडला म्हणून उपचार अर्धवट सोडला तर आधीचेही बरेचसे वाया जाते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त लालसर स्राव, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात.

आणि तपासणीने जीव वाचतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. १९९९ पासून तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून अभ्यास केला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात (३४,१२६ महिला) या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. अशी तपासणी न दिलेल्या गटात ३१,४८८ महिलांमागे ६४. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर चर्चिले गेले. तपासणीविना ठेवलेल्या त्या गटावरून नैतिकतेचे प्रश्नही उपस्थित झाले आणि ते रास्त होते. आपल्याच भागातल्या गरीब बायांच्या जिवावर सिद्ध झालेली ही चाचणी आज आपल्याच तालुक्यांत सहज मिळू नये, याचा जाब मात्र विचारलाच पाहिजे.

मुलींसाठी लसही आहे. ९ ते १४ हे तिचे योग्य वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हाव्हॅक' नावाने देशी लस आणली आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

आता वेळेचे. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास जातात आणि उन्हाळ्यात परततात. थंडीत लावलेल्या शिबिरात जिची तपासणी हवी तीच बाई नसते. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचनाला रोज महिला जमतात, आणि त्या तीन महिन्यांत ऊसतोड महिलाही बहुतेक गावातच असतात. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आषाढातच लेखी पत्र द्या. वस्तीतल्या तिशीपुढच्या महिलांची यादी सोबत जोडा, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत. तपासणीसाठी महिला डॉक्टर किंवा नर्सची मागणी पत्रातच करा, नाहीतर आलेल्या अर्ध्या जणी दारातून परत जातात.