टेम्पोचा विमा: कोणासाठी, कशासाठी

महाराष्ट्रातील बाजार समित्या, दूध संकलन केंद्रे, औद्योगिक वसाहती आणि घाऊक किराणा बाजार यांच्यामधली दैनंदिन मालवाहतूक तीनचाकी टेम्पो, टाटा मोटर्सने २००५ मध्ये बाजारात आणलेला आणि ‘छोटा हत्ती’ या नावानेच ओळखला जाणारा एस, तसेच त्याच्याहून थोरला ४०७ यांसारख्या वाहनांवर चालते. या वाहनांचा विमा उतरवला जातो तो बहुधा कर्ज देणाऱ्याच्या अटीमुळे, आरटीओच्या पासिंगसाठी किंवा रस्त्यावरील तपासणीच्या धास्तीने, आणि त्यामुळे मालकाच्या हिशेबात तो आणखी एक कर होऊन बसतो. प्रत्यक्षात व्यापारी वाहनाची पॉलिसी म्हणजे दोन वेगळ्या हेतूंच्या करारांची जोडणी असते. तिचा पहिला भाग कायद्याने सक्तीचा असून तो वाहनामुळे इजा झालेल्या तिऱ्हाइतासाठी असतो. दुसरा भाग ऐच्छिक असून तो मालकाच्या वाहनाच्या नुकसानीसाठी असतो. विमा उतरवणारा हा पहिला पक्ष, कंपनी हा दुसरा आणि या दोघांबाहेरचा, म्हणजे पादचारी, सायकलस्वार किंवा समोरच्या दुचाकीवरचा माणूस, हा तिसरा पक्ष; म्हणूनच पहिल्या भागाला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात.

सक्तीच्या विम्याची कल्पना भारतात आली ती ब्रिटनमधून. तेथील १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने तिऱ्हाइतासाठीचा विमा बंधनकारक केला होता. भारतातील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली, पण ते प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्यात हे बंधन कलम १४६ मध्ये आहे. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे खासगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २००७ पासून वाहनाच्या नुकसानीचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना देण्यात आली. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र सरकारी नियंत्रणाखालीच राहिला. व्यापारी वाहनांचा हा विमा तोट्याचा समजून कंपन्या तो टाळू लागतील हे ओळखून त्याच वर्षी सर्व कंपन्यांचा एक सामायिक निधी उभारण्यात आला, जो पाच वर्षांनी, तोट्याच्या ओझ्याखाली, मोडीत काढावा लागला.

या तोट्याचे कारण विम्याच्या स्वरूपातच आहे. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते, परंतु मृत्यू किंवा शारीरिक इजा यांच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. तिची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी निश्चित केली आहे, आणि ती समजून घेण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडता येईल. महिन्याला १५,००० रुपये मिळवणारा ३० वर्षांचा स्वयंरोजगारी कारागीर टेम्पोच्या धडकेत दगावला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असा परिवार राहिला, असे समजू. भविष्यात वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवून मासिक उत्पन्न २१,००० धरले जाते. चार जण अवलंबून असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा होऊन १५,७५० उरतात. वर्षाचे १,८९,००० होतात आणि या वयासाठी ठरलेल्या १७ या गुणकाने गुणल्यावर रक्कम ३२,१३,००० पर्यंत पोहोचते. अंत्यविधी व सहवासाला मुकणे यांसारख्या बाबींची भर आणि व्याज त्यावर वेगळे. एकाच टेम्पोच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या मालकाला ही रक्कम आयुष्यभरात फेडता येणार नाही आणि विमा नसता तर त्या विधवेच्या हाती हुकूमनाम्याचा कागद तेवढा उरला असता. दोन्ही घरे एकाच वेळी सावरणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणूनच या विम्याला कर समजणे ही मोठी गैरसमजूत आहे.

असे असले तरी मालकांची हप्त्याविषयीची तक्रार निराधार नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात चारचाकी सार्वजनिक मालवाहू वाहनांचा पहिला गट एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतचा असून त्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये आहे. एकूण वजन म्हणजे वाहन, माल आणि माणसे मिळून कायद्याने अनुज्ञेय असलेले वजन. सुमारे दीड टनाचा छोटा हत्ती आणि त्याच्या कित्येक पट वजनाचा ट्रक यामुळे एकाच दराला बांधले जातात. १९८८ चाच कायदा ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परवान्यातून, म्हणजे परमिटमधून, सूट देतो; मग हप्त्याच्या दरपत्रकात त्याला वेगळा गट का नसावा, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

त्याहून गंभीर पेच वाहनात बसलेल्या माणसांचा आहे. चालक आणि क्लीनर यांच्याबाबतची मालकाची जबाबदारी कायद्यात आणि पॉलिसीत धरलेली असते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांनाही संरक्षण मिळाले, त्यामुळे स्वतःच्या टोमॅटोच्या क्रेटसोबत बाजारात निघालेला शेतकरी त्यात येतो. पण मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन जाणारा प्रवासी त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या बलजीत कौर निकालात स्पष्ट केले. लग्नसराईत टेम्पोच्या हौद्यात सतरंजी टाकून निघणारे वऱ्हाड आणि जत्रेला जाणारे गावकरी हे सारे या रेषेच्या बाहेर राहतात. अशा अपघातात भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. ज्या गावाला एसटी दिवसातून एकदाच जाते, त्या गावात ही रेषा लोकांच्या अज्ञानापेक्षा त्यांच्या अडचणीमुळे अधिक ओलांडली जाते, हेही नोंदवले पाहिजे.

चालकाच्या लायसन्सवरूनही वर्षानुवर्षे दावे अडले. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक पिवळ्या पाटीचा टेम्पो चालवत असेल तर ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद हवी, अशी कंपन्यांची भूमिका होती. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनासाठी अशी वेगळी नोंद आवश्यक नाही, असा निर्वाळा देऊन हा वाद संपवला. लायसन्स खोटे निघाल्यास काय, याचे उत्तर २००४ च्या स्वर्णसिंग निकालात मिळते: तिऱ्हाइताला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाची चूक सिद्ध झाल्यास ते त्याच्याकडून वसूल करावेत.

पॉलिसीचा ऐच्छिक भाग आयडीव्ही या आकड्याभोवती फिरतो. आयडीव्ही म्हणजे वाहन चोरीला गेल्यास किंवा दुरुस्तीपलीकडे गेल्यास मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा. नव्या वाहनाच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात आणि पाचव्या वर्षी हा घसारा ५० टक्क्यांवर जातो. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणण्याची प्रथा बाजारात रूढ आहे, आणि तिचा फटका नेमका चोरीच्या वेळी बसतो. व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत आणखी एक मेख आहे: दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंगकाम यांची भरपाई ‘आयएमटी २३’ हे कलम जादा हप्ता देऊन घेतले नसेल तर मूळ संरक्षणात पूर्णपणे मिळत नाही. शहरातल्या गल्लीबोळांत माल पोहोचवणाऱ्या टेम्पोची मोडतोड बहुतेक वेळा याच भागांची असते, तेव्हा हे कलम वगळून दिलेली स्वस्त पॉलिसी अशा मालकाच्या फारशी कामाची नाही. वाहनातला माल तर या पॉलिसीत कधीच येत नाही. त्याला वाहतुकीचा स्वतंत्र विमा लागतो. परवानगीपेक्षा जास्त माल भरला असताना अपघात झाल्यास दावा सरसकट फेटाळण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत मंजूर करता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले आहे. सर्व्हेअरच्या अहवालानंतर कंपनीने साफ नकार दिल्यास मालकाने या तत्त्वाचा आधार जरूर घ्यावा.

छोट्या व्यावसायिकाचा पहिला टेम्पो बहुधा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला असतो. विक्रीबरोबर थर्ड पार्टीचे संरक्षण कलम १५७ नुसार आपोआप नव्या मालकाकडे जाते, परंतु वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण जात नाही. त्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नुसते आरसी बुक बदलले आणि पॉलिसी जुन्याच नावावर राहिली, तर जखमी पादचाऱ्याला भरपाई मिळते, पण मोडलेला टेम्पो नव्या मालकाला पदरच्या पैशांनी दुरुस्त करावा लागतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सवलतही वाहनाची नसून विकणाऱ्याची असते, म्हणून पॉलिसी नावावर करून घेताना उरलेल्या मुदतीपुरता तिचा फरक खरेदीदाराला भरावा लागतो.